वाढावा दिसतो, पैसे दिसत नाहीत: संशोधन मंडळाचे वर्षाचे हिशेब कसे वाचावेत

प्रश्न: जिल्ह्याच्या गावी आमचे जुने इतिहास संशोधन मंडळ आहे. सुमारे सहाशे आजीव सभासद, एक त्रैमासिक, मोडी कागदपत्रांचा संग्रह, छोटे ग्रंथालय आणि अधूनमधून भाड्याने जाणारे सभागृह. मी निवृत्त प्राध्यापक आहे, यंदा मला कोषाध्यक्ष केले. गेल्या वर्षीच्या उत्पन्न-खर्च पत्रकात २,१०,००० रुपयांचा वाढावा (खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न) आहे, पण ३१ मार्चला बचत खात्यात ३८,००० रुपयेच होते आणि छापखान्याचे बिल थकले आहे. सर्वसाधारण सभेत याचे उत्तर काय द्यायचे? आजीव वर्गणी वाढवावी का? शिवाय अमेरिकेतले एक सभासद मोठी देणगी द्यायला तयार आहेत, ती घ्यावी का?

उत्तर: सर, तुमची पत्रके मी पाहिलेली नाहीत. पण अशा मंडळांचे हिशेब बरीच वर्षे तपासत आलो आहे, त्यामुळे वाढावा कुठे अडकला असेल ते सांगू शकतो.

पहिल्यांदा मुदत ठेवींच्या पावत्या काढून बघा. ठेवी संचयी प्रकारच्या असतील, म्हणजे व्याज हातात न येता मुद्दलात मिळत जात असेल, तरी त्या वर्षाचे व्याज लेखापरीक्षक उत्पन्नात धरतो, आणि ते बरोबरच आहे. बँक त्यावर दहा टक्के टीडीएसही कापते. म्हणजे उत्पन्न कागदावर आले, कर कापला गेला, आणि बचत खात्यात एक रुपयाही आला नाही. मग कपाटे, स्कॅनर, संगणक यांची खरेदी पाहा. ही रक्कम खात्यातून गेलेली असते, पण उत्पन्न-खर्च पत्रकात त्यातला फक्त घसारा, म्हणजे वापराने दर वर्षी घटणारी किंमत, खर्च म्हणून दिसतो. एखाद्या प्रकल्पाचे अनुदान मार्चमध्ये आले असेल आणि ते सगळे उत्पन्नात धरले असेल, तर वाढावा फुगतो. पैसे मात्र प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात असतात आणि त्यांतून छापखान्याचे बिल देता येत नाही. शेवटी ते थकलेले बिलच पाहा. ३१ मार्चला ते देणे म्हणून ताळेबंदात धरले आहे का? धरले नसेल तर वाढावा तेवढ्या रकमेने खोटा आहे.

हे सगळे सभासदांना एका नजरेत दिसावे म्हणून ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकाबरोबर जमा-खर्चाचे साधे पत्रकही वार्षिक अहवालात छापा: आरंभीची शिल्लक, प्रत्यक्ष आलेले पैसे, प्रत्यक्ष गेलेले पैसे, अखेरची शिल्लक. धर्मादाय आयुक्तांकडे शेड्यूल आठ आणि नऊ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक यांचे ठरलेले नमुने) द्यावेच लागतात, पण सभेतल्या माणसाला या तिसऱ्या पत्रकातून जास्त कळते. संचयी ठेवींची मुदत संपेल तशी निम्म्या तरी ठेवी तिमाही व्याजाच्या करून घ्या. कापलेला टीडीएस आयटीआर-७ हे आयकराचे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. विवरणपत्रच न भरल्यामुळे तो वर्षानुवर्षे सरकारजमा झालेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि त्याची खंत वाटते. एवढ्यात एका अंकाची छपाई सहज निघाली असती.

आता मूळ मुद्दा. कोषाध्यक्ष झाल्यावर बहुतेक जण आधी उत्पन्न-खर्च पत्रक उघडतात. तुम्ही ताळेबंदाची डावी बाजू, म्हणजे निधींची यादी, आधी वाचा. संशोधन मंडळाकडे असलेला पैसा एकजिनसी नसतो. आजीव सभासद निधी, कुणाच्या स्मरणार्थ दिलेला व्याख्यानमाला निधी, इमारत निधी, एखाद्या सूचीसाठी आलेले अनुदान, पारितोषिक निधी, आणि उरलेला सर्वसाधारण निधी. यांतल्या प्रत्येक रकमेबरोबर कुणाला तरी दिलेला शब्द आहे. कोऱ्या कागदावर प्रत्येक निधीपुढे तीन गोष्टी लिहा: पैसे कुणी व कशासाठी दिले, त्याचे पत्र किंवा ठराव कुठे आहे, आणि आज त्याच्यासमोर कोणती ठेव उभी आहे. तिसऱ्या रकान्यात जिथे काही लिहिता येणार नाही तिथे तुमच्या मंडळाची खरी तूट आहे. डावीकडे आजीव सभासद निधी सहा लाख आणि उजवीकडे सगळ्या ठेवी मिळून चार लाख, असे चित्र दिसले तर मधले दोन लाख कुठल्या तरी वर्षी पगारात, वीजबिलात किंवा छपरावर खर्च झाले आहेत. ते कुणी खाल्ले असे नाही. बहुधा त्या वर्षी दुसरा मार्ग नसेल. पण सभासदांना ते सांगितले पाहिजे आणि भरून काढण्याचा कार्यक्रम ठरवला पाहिजे. आयकराच्या दृष्टीनेही कायम निधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता जपायच्या निधीतून, केलेला खर्च त्या वर्षीचा खर्च म्हणून धरला जात नाही. ती रक्कम पाच वर्षांच्या आत निधीत परत ठेवली तर ज्या वर्षी परत ठेवाल त्या वर्षी तिचा फायदा मिळू शकतो.

आजीव वर्गणीवर थोडे थांबतो, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या संशोधन मंडळांची आणि साहित्य संस्थांची आर्थिक घडण तिच्यावर उभी आहे आणि तिथेच ती खचते आहे. जेव्हा ही वर्गणी ठरली तेव्हा हिशेब चोख होता. १९९०च्या दशकात मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. एका सभासदाचे १,००० रुपये ठेवले की वर्षाला १२० रुपये येत, त्यांत चार अंक छापून टपालाने पाठवून वर काही उरे. तुमच्या सहाशे सभासदांनी प्रत्येकी १,००० दिले असे धरू. निधी सहा लाख. बारा टक्क्यांनी ७२,००० रुपये व्याज. आज साडेसहा टक्क्यांनी ३९,०००. उलट एक अंक छापून पोचवायला ७५ रुपये धरले, आणि हे मी कमीच धरतो आहे, तर सहाशे जणांना चार अंक म्हणजे १,८०,००० रुपये. दर वर्षी १,४१,००० रुपयांची तूट, आणि ती कुठल्याही पत्रकात "आजीव सभासदांची तूट" या नावाने दिसत नाही. ती "त्रैमासिक खर्च" या एका ओळीत विरघळून जाते, आणि मग कार्यकारिणीत चर्चा होते की त्रैमासिक तोट्यात आहे, बंद करावे का. त्रैमासिकाचा यात काही दोष नाही. एकदाच घेतलेल्या वर्गणीच्या बदल्यात आपण जन्मभराचा शब्द दिला, तो तोटा आहे.

वर्गणी वाढवावी का, याचे उत्तर याच हिशेबात आहे. एका सभासदावर वर्षाला ३०० रुपये खर्च होत असतील आणि ठेवीवर साडेसहा टक्के मिळत असतील तर त्याची वर्गणी साधारण ४,६०० रुपये तरी हवी, तीही छपाई आणि टपाल कधीच महागणार नाही असे धरून. टपाल तर महागतेच. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केले, तेव्हा पुस्तके आणि अंक पाठवणाऱ्या कितीतरी लहान संस्थांचे अंदाजपत्रक एका फटक्यात कोलमडले. म्हणून माझा सल्ला असा की जन्मभराचे सभासदत्व नव्याने देणेच थांबवा. त्याऐवजी पंधरा वर्षांचे दीर्घकालीन सभासदत्व ठेवा, आणि त्या वर्गणीचा पंधरावा हिस्सा दर वर्षी उत्पन्नात घ्या. उरलेली रक्कम ताळेबंदात देणे म्हणून दाखवा, कारण ती खरोखरच देणे आहे. यासाठी मंडळाच्या घटनेत दुरुस्ती लागेल आणि तिची नोंद धर्मादाय कार्यालयात करून घ्यावी लागेल. वेळ लागतो, पण नुसत्या कार्यकारिणीच्या ठरावावर हे करू नका.

जुन्या सभासदांचे काय? त्यांना दिलेला शब्द पाळायचा. पण त्यांना पत्र लिहून खरा आकडा सांगायचा. आधी यादी तपासा: कित्येक सभासद वारलेले असतात, पत्ते बदललेले असतात आणि अंक परत येत राहतात. जिवंत सभासदांना विचारा की अंक पीडीएफ रूपात चालेल का; परगावी मुलांकडे राहणाऱ्यांना ते जास्त सोयीचे पडते. ज्यांना छापील हवा त्यांना ऐच्छिक पूरक वर्गणीचे आवाहन करा, सक्ती नको. लोक देतात. आपला पैसा कुठे आणि कसा कमी पडतो हे स्पष्ट आकड्यांत सांगितले की मराठी वाचक संस्थेला मदत करायला मागेपुढे पाहत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. "संस्था आर्थिक अडचणीत आहे, सढळ हस्ते मदत करा" असे मोघम पत्र गेले तर मात्र ते कुणी वाचत नाही.

आजीव वर्गणीला आयकरात कायम निधी मानायचे की उत्पन्न, यावर मतभेद होतात. कायम निधीसाठी देणाऱ्याची तशी स्पष्ट लेखी सूचना लागते आणि रक्कम त्या निधीच्या नावाने वेगळी गुंतवलेली असावी लागते. सभासद अंक मिळावा म्हणून पैसे देतो, तेव्हा ती निव्वळ देणगी नाही असे अधिकारी म्हणू शकतो. तुमच्या सीएंशी बोलून एक पद्धत ठरवा आणि ती वर्षागणिक बदलू नका.

स्मृती-निधींची कथाही याच वळणाची आहे. वडिलांच्या नावे व्याख्यान व्हावे म्हणून कुणी १९८५ साली २५,००० रुपये दिले. तेव्हा त्या व्याजात वक्त्याचा प्रवास, मानधन आणि हॉलचा खर्च भागत होता. आज त्या रकमेचे वर्षाला दीडेक हजार येतात, तेवढ्यात वक्त्याचे जाण्या-येण्याचे भाडेही निघत नाही. अशा आठ-दहा व्याख्यानमाला असल्या की प्रत्येक व्याख्यान मंडळ पदरमोड करून करते. इथे संकोच सोडून कुटुंबीयांना भेटा. त्यांनी निधी वाढवून दिला तर उत्तम. नाही तर दोन-तीन स्मृतिव्याख्याने एका दिवशी, एका वक्त्याच्या मालिकेत घ्या आणि तिन्ही नावे निमंत्रणावर ठेवा. यापुढे निधी स्वीकारताना स्वीकृतीपत्रात एक वाक्य नक्की घाला: व्याज अपुरे पडल्यास कार्यक्रम एकत्र करण्याचा किंवा एक वर्षाआड घेण्याचा अधिकार मंडळाला राहील. मूळ हेतूच बदलायचा असेल तर मात्र तो तुमच्या हातातला विषय नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे.

एका हेतूने दिलेले पैसे वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९१८ साली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. त्या शब्दावर काम उभे राहिले आणि १९६६ साली पूर्ण झाले. पण मधल्या जवळपास अर्ध्या शतकात संस्थानिकांची, सरकारची, विद्यापीठाची अनुदाने मिळवत राहावे लागले. संशोधनाचे काम लांबते, हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून कुणी सूचीसाठी किंवा संपादनासाठी पैसे देऊ केले की आपण त्यांना पूर्ण खर्च सांगायला हवा: संशोधकाचे मानधन तर हवेच, त्याबरोबर खोलीची वीज, लिपिकाचा वेळ, कागदपत्रांची जपणूक, छपाई आणि छापून झाल्यावर साठवणूकही. प्रकल्पाच्या रकमेत दहा ते पंधरा टक्के मंडळाचा सामायिक खर्च मागायला लाजू नका. तो न मागितल्यामुळे मोठमोठे प्रकल्प करणारी मंडळे वीजबिलाला महाग झालेली आहेत.

पुस्तकसाठ्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. ताळेबंदात "प्रकाशने शिल्लक: नऊ लाख" असे लिहिलेले असते, आणि माळ्यावर वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकांचे गठ्ठे असतात. उत्पादनखर्चाने धरलेली ती किंमत कुणी देणार नाही. पाच वर्षांत ज्याच्या प्रती हलल्या नाहीत अशा पुस्तकाची किंमत टप्प्याटप्प्याने खाली आणा, आणि शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना प्रती देऊन टाका. पुस्तक कपाटात पोचणे हेच मंडळाचे काम आहे. पुढच्या पुस्तकाच्या तीनशे प्रतींनी भागत असेल तर हजार छापू नका. मागणीनुसार छपाईची सोय आता पुण्या-मुंबईत सहज मिळते. मोडी दप्तरे मात्र ताळेबंदात एक रुपयाला असली तरी तीच खरी मालमत्ता. त्यांची यादी विश्वस्त संस्थेच्या नोंदवहीत आहे का पाहा, आणि वाळवी-प्रतिबंध व डिजिटल प्रतींसाठी दर वर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढा, वाढावा असो वा नसो.

ठेवी कुठे आहेत हेही लगेच तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणी संस्थेचे एखादे विश्वस्त सहकारी बँकेचे संचालक असतात आणि सगळा पैसा तिथेच असतो. २०१३ साली पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. २०१९मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेचे खातेदार एका रात्रीत अडकले. फेब्रुवारी २०२०पासून ठेवविमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, सर्व शाखा मिळून, पाच लाखांपर्यंतच आहे. मंडळ हा एकच ठेवीदार धरला जातो, पावत्या वीस असल्या तरी. शिवाय पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते म्हणून तिथे पैसे ठेवू नका. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. विश्वस्त कायद्याचे कलम ३५ आणि आयकर कायद्यातील मान्य गुंतवणुकीचे प्रकार यांत ती बसत नाही, आणि त्या उत्पन्नावरची करसवलत जाऊ शकते. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर ती कलम ३५च्या अटींत बसते का, हे आधी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या.

कराचा भाग थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. मी इथे १९६१च्या कायद्यातले परिचित क्रमांक देतो, कारण जुने कागद त्याच नावांनी आहेत. तुमच्याकडे १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) यांची नोंदणी आहे असे धरतो. तिच्या पत्रावर मुदत लिहिलेली असते, ती आजच पाहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो, आणि तो राहिला तर सवलत जाते.

उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते. बारा लाख उत्पन्न असेल तर १०,२०,००० रुपये. संशोधन मंडळांची अडचण अशी की पैसे असूनही काम वेळेवर होत नाही. संपादक आजारी पडतात, प्रस्तावना येत नाही, अंक जोडअंक होतो, आणि मार्च उजाडतो. अशा वेळी घाईघाईने काहीतरी खर्च दाखवू नका. नेमक्या उद्देशासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवण्याची सोय फॉर्म १०मध्ये आहे. त्यासाठी "संशोधन कार्यासाठी" असा मोघम ठराव न करता "अमुक घराण्याच्या दप्तराच्या दोन खंडांच्या प्रकाशनासाठी" असा ठराव करा. तो फॉर्म ३१ ऑगस्टपर्यंत, लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. धर्मादायकडच्या लेखापरीक्षणाची मुदतही वर्षअखेरीपासून सहा महिने, म्हणजे सप्टेंबरअखेरच. सभा जुलै-ऑगस्टमध्ये घेतली की हे सगळे निवांत होते. सभेत कार्यकारिणी बदलली तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो वर्षानुवर्षे राहिला की पुढे बँकेत सह्या बदलणेही अवघड होते.

रोखीबाबत दोन आकडे पाठ असू द्या. एका व्यक्तीला एका दिवसात १०,०००पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च उद्दिष्टांवरचा म्हणून धरला जात नाही. आणि २,०००पेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला ८०जीची वजावट मिळत नाही. देणगीदाराचा पॅन घेऊन ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरा. त्यानंतर मिळणारे १०बीई प्रमाणपत्र त्याला दिल्याशिवाय त्याची वजावट होत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागते.

सभागृह, पुस्तकविक्री आणि त्रैमासिकाची वर्गणी यांच्याबाबत सावध राहा. आयकर कायद्यातल्या "शिक्षण" या व्याख्येत विद्यार्थ्यांना रीतसर शिकवणे येते. नुसते संशोधन आणि प्रकाशन करणारे मंडळ बहुधा "सार्वजनिक उपयुक्ततेचे उद्दिष्ट" या गटात मोजले जाते. त्या गटाला व्यवसायसदृश जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांच्या आतच ठेवावी लागते. ऐतिहासिक वास्तू आणि वस्तूंचे जतन हे मात्र कायद्यात वेगळे उद्दिष्ट आहे आणि त्याला ही वीस टक्क्यांची अट नाही. तुमच्या घटनेत कागदपत्रांच्या जतनाचे कलम आहे का, आणि त्यावरचा खर्च हिशेबात वेगळा दिसतो का, हे पाहण्यासारखे आहे. सभागृह नियमित भाड्याने जात असेल तर त्याची वेगळी वही ठेवा. जीएसटीत छापील पुस्तके आणि नियतकालिके करमुक्त आहेत, आणि साहित्य, कला, विज्ञान अशा कामांसाठीच्या विनानफा संस्थेला सभासदाची वर्षाला १,००० रुपयांपर्यंतची वर्गणीही. सभागृहाचे भाडे करपात्र आहे आणि नोंदणीची मर्यादा साधारणपणे वीस लाखांच्या वार्षिक उलाढालीची.

उत्पन्न वाढवायचा आणखी एक मार्ग तुम्हाला कार्यकारिणीत सुचवला जाईल: लेखकांकडून लेख छापण्याचे शुल्क. यूजीसी-केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या संशोधन पत्रिकांची यादी, चालू असताना मराठी संशोधन पत्रिकांवर हा मोह फार होता. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती यादी बंद केली, पण पदोन्नतीसाठी लेख हवेच असल्याने मागणी संपलेली नाही. माझे स्पष्ट मत आहे की हे करू नये. पाच वर्षांत तुमच्या त्रैमासिकाकडे कुणी संदर्भासाठी पाहणार नाही, आणि मग वर्गणीदारही उरणार नाहीत. त्यापेक्षा राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, भारतीय इतिहास अनुसंधान परिषद यांच्याकडे रीतसर अर्ज करा. केंद्राच्या अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात, जीएफआर १२-एमध्ये, वेळेवर द्या. त्या रकमेवर मिळालेले व्याजही तुमचे नसते. स्थानिक कारखान्याच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीतून कागदपत्रांच्या जतनाला मदत मिळू शकते, कारण वारसा-जतन आणि सार्वजनिक ग्रंथालये कंपनी कायद्याच्या यादीत आहेत. त्यासाठी मंडळाने आधी सीएसआर-१ नोंदणी करून घ्यावी लागते.

राहिले अमेरिकेतले सभासद. त्यांना पहिला प्रश्न विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असेल तर ते परदेशात राहत असले तरी त्यांच्या स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. नेहमीच्या बँक खात्यात, पॅन आणि पासपोर्टची प्रत घेऊन स्वीकारा. त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, ती विदेशी देणगी आहे. एफसीआरएची (विदेशी देणगी नियमन कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक डॉलरही घेऊ नका, आणि "माझ्या इथल्या भावाच्या खात्यातून पाठवतो" ही वाट तर मुळीच नको. नोंदणी झाल्यावरही पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात आणि प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे. एका देणगीसाठी हा व्याप झेपणार नाही असे वाटले तर त्यांना तसे कळवा, आणि त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्रैमासिकाची वर्गणी भरावी, जुने अंक विकत घ्यावेत असे सुचवा. पुरवलेल्या वस्तूची नेहमीची किंमत म्हणून आलेली रक्कम विदेशी देणगीत मोजली जात नाही. मात्र बिल, पाठवल्याची पावती आणि बँकेची नोंद एकत्र लावून ठेवा.